कशाचा कीस गं?

मुलांनो, घरात दूध कमी पडलं की काय होतं ते तुम्हांला चांगलं ठाऊक आहे. चहा कोरा होतो आणि मोठी माणसं विनाकारण चिडतात. पण दूध जास्त झालं तर? आमच्या घरी ते एकदा झालं. त्यातून जो पदार्थ तयार झाला त्याचं नाव आमच्या आजीला शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही. त्याचीच ही हकिकत. वाचता वाचता तो कसा करायचा तेही कळेल. मात्र करायला बसाल तेव्हा शेजारी मोठं माणूस हवं, बरं का!

२०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्चला होता. आदल्या रात्री आठ वाजता टीव्हीवर घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून सगळा देश बंद झाला. तुमच्यातले बरेच जण तेव्हा अगदी लहान असतील. मी प्राथमिक शाळेत शिकवते. शाळा आधीच बंद झाल्या होत्या, म्हणून मुलीला घेऊन चार दिवस माहेरी आले होते, संगमनेर तालुक्यात. ते चार दिवस चांगले दोन महिने लांबले. घरात आजी, आई, अण्णा, दादा, वहिनी, सहावीतली भाची आणि दावणीला चार गाई.

आमचा जिल्हा म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. जुनी माणसं अजूनही नुसतं 'नगर' म्हणतात. क्षेत्रफळाने हा राज्यातला सगळ्यांत मोठा जिल्हा, १७ हजार चौरस किलोमीटरहून थोडा जास्तच. दक्षिणेकडे पाऊस कमी, उत्तरेकडे प्रवरेचं पाणी, ऊस आणि दूध. आमच्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तर गीर, होल्स्टीन आणि जर्सी अशा तीन जातींच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' नावाची गायच तयार केली. अकोल्याच्या डोंगरात गेलात तर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, धो धो पावसात टिकणारी डांगी गाय भेटेल. सांगायचं काय, तर इकडच्या कितीतरी घरांचा किराणा, शाळेची वही आणि दवाखाना दुधाच्या पैशांवर चालतो.

पाडव्याच्या संध्याकाळी गुढी उतरवून होते न होते तोच संकलन केंद्रावरून निरोप आला. उद्यापासून फक्त सकाळचं दूध घेणार, संध्याकाळचं नाही. कारण उघड होतं. हॉटेलं बंद, चहाच्या टपऱ्या बंद, मिठाईची दुकानं बंद. शहरातली माणसं घरात पिऊन पिऊन किती दूध पिणार?

आमच्या गाई संध्याकाळी साधारण १८ लिटर दूध देत. आणि गाईला काही नळासारखी तोटी नसते. दोन्ही वेळा धार काढावीच लागते, नाही तर कास तटतटते, सुजते, 'दगडी' होते. म्हणजे दूध निघणार, आणि घेणारा कुणी नाही.

दादा ओट्यावर बसून म्हणाला, "पेंड विकत घ्यायची आणि दूध ओतून द्यायचं, असं किती दिवस चालणार? बाजार उघडला की दोन गाई काढू."

दोघींमधली एक चंद्री होती. तिच्या वासराला शेवटी बाटलीने दूध पाजून भाचीने जगवलं होतं. चंद्रीला ती स्वतःची गाय समजायची. ती दाराआड उभी होती. काही बोलली नाही. रात्री जेवली मात्र नाही.

तुम्ही कदाचित ऐकलं असेल, १ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला तो आमच्याच जिल्ह्यातल्या पुणतांब्यातून. तेव्हा रस्त्यावर ओतलेल्या दुधाचे फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आले होते. आजीला ते बघवत नसत. दादा तेव्हा तिला म्हणाला होता, "आजी, बघणाऱ्यापेक्षा ओतणाऱ्याच्या पोटात जास्त कालवतं." मला दोघांचंही पटलं होतं, आणि अजूनही पटतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी १८ लिटर दूध घरात आलं. थोडं शेजारी वाटलं, थोडं विरजलं, पाच लिटर आटवायला ठेवलं. त्याचा खवा झाला किलोभरापेक्षा कमी आणि सरपण गेलं भारंभार. उरलेल्याचं काय? आई म्हणाली, "फाडा." म्हणजे पनीर करा!

पनीर ही खरं म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेतली गोष्ट आहे. दुधात केसीन नावाचं प्रथिन असतं. गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के हेच. त्याचे बारीक कण दुधात एकमेकांपासून लांब लांब तरंगत असतात. उकळी आलेल्या दुधात लिंबाचा रस पडला की आंबटपणामुळे ते लांब राहणं विसरतात आणि एकमेकांना चिकटून गोळा होतात. खाली उरतं ते हिरवट पिवळं पाणी, म्हणजे निवळी. गोळा फडक्यात बांधायचा, धुवायचा आणि वर वजन ठेवायचं. आमच्याकडे वरवंटा ठेवला. गाईच्या एक लिटर दुधाचं दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम पनीर झालं. निवळी आजीने वाया जाऊ दिली नाही. तिच्यात कणीक भिजवली आणि उरलेली गाईंच्या आंबोणात ओतली.

आता दुसरी गंमत ऐका. दूधवाल्यांची जी गत, तीच भाजीवाल्यांची. आठवडे बाजार बंद, गाड्या बंद. शेजारच्या मळ्यात टोमॅटो लालबुंद होऊन गळत होते. वहिनी पाव किलो पनीर देऊन आली आणि पाटीभर भाजी घेऊन आली. टोमॅटो, कांद्याची पात, मेथी, पालक, ढोबळी मिरची, आणि वर शेवग्याची फुलं. पैसा कुणाच्याच हातात दिला-घेतला नाही!

भाजीची पाटी, पनीरची वडी आणि कपाटातली अंडी समोर ठेवून भाची माझ्या मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती. एकदम म्हणाली, "आत्या, हे बघ. क्विचे!"

"क्विचे नाही गं, कीश म्हणायचं. फ्रेंच आहे ते."

आजी भिंतीला टेकून माळ ओढत बसली होती. तिने डोळे उघडले. "कशाचा कीस गं? बटाट्याचा?"

आम्ही दोघी जे हसलो! पाडव्यापासून पहिल्यांदा भाची हसली.

कीशचं मूळ गाव फ्रान्सच्या पूर्वेचा लोरेन हा प्रांत. जर्मनीच्या सीमेला लागून. केकला जर्मन भाषेत 'कुखेन' म्हणतात, त्यावरूनच कीश हा शब्द आला असं मानतात. सुरुवातीला तो पावाच्या पिठाच्या पारीत अंडी, साय आणि डुकराचं खारवलेलं मांस घालून करत. चीज त्यात नंतर आलं. भाज्यांचे कीश तर आणखी पुढचे. तिकडे वसंत आला की बर्फ वितळतं आणि महिनोन् महिने न दिसलेला कोवळा हिरवा पाला बाजारात येतो. त्याचं त्यांना केवढं अप्रूप! आपलं बरोबर उलटं. आपल्याकडे चैत्र म्हणजे पालेभाज्यांचा निरोप. मेथीला तुरे येतात, पालक राठ होतो, दोन आठवड्यांत उन्हाने सगळं करपणार असतं. म्हणून वसंताचा कीश आपल्याकडे करायचा तर तो घाईनेच करायला हवा.

भाचीच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. "आत्या, असे कीश करून विकले तर? मग चंद्रीला विकायला नको."

मी मास्तरीण. पाटी-पेन्सिल काढली. एका कीशला दीडशे ग्रॅम पनीर, म्हणजे एक लिटर दूध. वर एक वाटी दूध आणि साय. धरा सव्वा लिटर. मग १८ लिटर दुधाचे किती?

"चौदा," ती म्हणाली. मग सावकाश म्हणाली, "रोज?"

"रोज."

ती गप्प झाली. मलाही वाईट वाटलं. पण गणित खोटं कसं सांगायचं? थोड्या वेळाने तीच उठली. "एक तरी करू," म्हणाली.

एक तरी करू म्हटलं, पण ओव्हन कुठे होता? मग आम्ही चुलीवर कढई ठेवली, तिच्यात कुकरचा डबा, डब्यात लाटलेली पारी, पारीत चिरलेला टोमॅटो, कच्ची मेथी, पनीर आणि अंड्याचं दूध. वर झाकणी. अर्ध्या तासाने उघडलं. अहाहा! खालून कोळसा, वरून पाणी आणि मध्ये लगदा. मोत्याने वास घेतला आणि तोंड फिरवलं. (मोत्या म्हणजे आमचा कुत्रा. तो सहसा कशालाच नाही म्हणत नाही.)

आजी लांबून बघत होती. म्हणाली, "खालून जाळ आन् वरून गार. भाकरी तरी अशी भाजतीस का?"

खरंच की! भाकरी आपण तव्यावर भाजतो आणि मग निखाऱ्यांपुढे उभी करतो. दोन्ही अंगांना आच लागते म्हणून ती फुगते. मुंबईच्या पाठारे प्रभू मंडळींमध्ये भानोलं नावाचा पदार्थ करतात. तोही खाली विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवूनच भाजत. आमची आजी तरुणपणी ज्वारीच्या पिठात कांद्याची पात कालवून जाड रोट करायची. तव्यावर रोट, त्याच्यावर दुसरा तवा उपडा, आणि त्या तव्यावर निखारे. तोच तवा तिने माळ्यावरून काढायला लावला. चांगला भाकरीचा लोखंडी तवा, कडेला थोडा तडकलेला.

पण आजीची एक अडचण होती. ती माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, अंड्याला हात लावायची नाही. ती म्हणाली, "तुमचं तुम्ही करा, मी बघते." भाचीला ते काही रुचेना. तवा आजीचा, युक्ती आजीची, आणि आजी नुसती बघणार?

"आजी, अंडं कशासाठी घालतात माहितीये? भाजताना सगळं घट्ट व्हावं म्हणून."

"मंग पिठलं कशानं घट्ट होतंय?" आजी म्हणाली.

मी डी.एड. झालेली बाई, आणि मला हे सुचलं नव्हतं! अंड्यातली प्रथिनं तापली की उलगडतात आणि एकमेकांत गुंततात, त्या जाळीत दूध अडकून बसतं. बेसनात मुख्य काम पिष्टाचं. त्याचे कण गरम पाण्यात फुगतात आणि सगळं आळून येतं. रस्ते दोन, मुक्काम एकच. मग ठरलं, दोन डबे करायचे. एक अंड्याचा, एक पिठल्याचा.

रामनवमी झाल्यावर आम्ही दुसऱ्यांदा बसलो. आता नीट लक्ष द्या, कारण करायचा असेल तर तो असाच.

एका डब्याला दीड वाटी कणीक घ्यायची. चिमूटभर मीठ. अर्ध्या वाटीला थोडं कमी गार लोणी, नाही तर थिजलेलं तूप. शंकरपाळ्यांना मोहन घालतो ना, तसंच हे, फक्त गरम नाही, गार. बोटांच्या टोकांनी चोळायचं. पीठ रव्यासारखं दिसलं की चार-पाच चमचे गार पाणी शिंपडून गोळा करायचा. मळायचा नाही! पोळीच्या कणकेसारखं तिंबलंत तर पारी चामड्यासारखी होते. अर्धा तास झाकून ठेवायची, मग जाडसर लाटून तूप लावलेल्या डब्यात बसवायची. कडेने दोन बोटं वर आली पाहिजे. काट्याने भोकं पाडायची.

मागच्या वेळी पारी कच्ची राहिली होती, म्हणून या वेळी ती आधी नुसतीच भाजायची होती. भाजताना फुगू नये म्हणून तिच्यावर कागद घालून काहीतरी जड ठेवतात. भाचीने फडताळातून वालाची बरणी आणली. आजी ओरडलीच, "ठिव ती! बी हाय ते. बी भाजलं की संपलं." तिचा हा वाल तिच्या आईपासून चालत आलेला. आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असंच घराघरातलं गावठी बियाणं जमवून जपलं. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. २०२० सालीच त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. मग आम्ही वाल ठेवून हरभरे घेतले.

जाड बुडाच्या कढईत बोटभर धुतलेली, वाळवलेली वाळू, त्यावर डबा ठेवायला लोखंडी कडं. दहा मिनिटं तापवायची. आच किती आहे हे बघायची आजीची रीत अशी : तव्यावर चिमूटभर कणीक टाकायची. मिनिटभरात बदामी झाली तर ठीक. टाकल्या टाकल्या काळी पडली तर निखारे मागे ओढायचे. पारी दहा-बारा मिनिटं भाजली आणि हरभरे काढून घेतले.

तोवर भाजी. दोन वाट्या चिरलेली मेथी, पालक आणि कांद्याची पात, मूठभर शेवग्याची फुलं, लसणाच्या चार पाकळ्या, एक हिरवी मिरची. तेलावर पाणी पूर्ण आटेपर्यंत परतायचं. टोमॅटोच्या बिया आणि रस काढून नुसता गर घ्यायचा. पहिल्या वेळी सगळा घात या पाण्यानेच केला होता. भाजी पूर्ण गार झाल्यावरच पारीत पसरायची. वर दीडशे ग्रॅम कुस्करलेलं पनीर. पनीर वितळत नाही बरं का. दुकानातलं चीज तारा ओढतं, कारण ते रेनेट नावाच्या विकरानं विरजवलेलं असतं. लिंबाने फाडलेलं पनीर भाजलं तरी आपलं दाणेदारच राहतं. मला तेच आवडतं. तारा हव्या असतील तर वर थोडं चीज किसून घाला. (हा मात्र खरा कीस!)

अंड्याच्या डब्यासाठी तीन अंडी, एक वाटी दूध, दोन चमचे साय, मीठ, मिरपूड, जिरं. फार फेटायचं नाही, फेस नको. पिठल्याच्या डब्यासाठी पाऊण वाटी बेसन, दीड वाटी ताक, हळद, हिंग, ओवा, मीठ. ते मात्र आधी पातेल्यात तीन-चार मिनिटं ढवळत शिजवून घ्यायचं, नाही तर बेसन कच्चट लागतं. ओतायचं, वर तवा उपडा, तव्यावर निखारे. खाली कमी, वर जास्त. पस्तीस मिनिटं. अधूनमधून उघडून बघायचा मोह टाळायचा. (आम्ही दोनदा उघडलं. आजीने दोन्ही वेळा रागे भरलं.) मध्यभाग किंचित हलतोय असं वाटत असतानाच उतरवायचा. तो आतल्या आचेने पुढे आपोआप घट्ट होतो. जास्त वेळ ठेवला तर अंड्याची जाळी आवळते आणि दूध पिळून बाहेर येतं. घरी ओव्हन असेल तर १८० अंशांवर एवढाच वेळ ठेवा.

उतरवण्याआधी आजीने तिच्या डब्यावर कडुनिंबाचा थोडा वाळलेला मोहोर भुरभुरला. पाडव्याचा उरलेला. "चैतात कडू खावं," म्हणाली. कोण काय बोलणार?

गार झाल्यावर दोन्ही डबे सुटे केले. खालची पारी तांबूस, खुसखुशीत. सुरी लावली तर कर्र असा आवाज आला. दादा त्या दिवशी दुपारी गप्पच होता. त्याने एक तुकडा खाल्ला, मग दुसरा घेतला, मग आजीच्या डब्यातला घेतला. "ह्यात आपलं किती दूध गेलं?" त्याने विचारलं.

"सव्वा लिटर," भाची म्हणाली. "आजीच्यात ताक आहे, म्हणजे थोडं कमी."

"बाकीच्या सोळाचं काय करतीस?"

तिने पाटी पुढे केली. आमच्या नकळत तिने गावातल्या घरांची यादी केली होती. कुणाकडे जनावर नाही, कुणाकडे भाजी आहे, कुणाकडे गहू आहेत, कुणाला पनीर करता येत नाही. दादाने पाटी बराच वेळ बघितली. दुसऱ्या दिवसापासून वहिनी सकाळीच पनीर घेऊन निघायची. तोंडाला ओढणी, हातात साबणाची बाटली. काही घरांनी धान्य दिलं, काहींनी नंतर पैसे दिले, काहींनी अजून दिलेले नाहीत.

यानं १८ लिटर दूध संपलं असं समजू नका. निम्मंसुद्धा संपत नव्हतं. पुढे राज्य सरकारने जादा दूध घेऊन त्याची भुकटी करायची योजना आणली. दुधात सत्त्याऐंशी टक्के पाणीच असतं, ते काढलं की भुकटी महिनोन् महिने टिकते. काही दिवसांनी आमच्या केंद्रावरही संध्याकाळचं दूध घेऊ लागले, पण दर पडले ते बराच काळ पडलेलेच राहिले. पावसाळ्याच्या तोंडाशी दादाने एक गाय विकली. चंद्री नाही, दुसरी. ती घेऊन जायला टेम्पो आला तेव्हा भाची मळ्यात जाऊन बसली होती.

आजी आता नाही. तवा आहे. कडेची तड आणखी वाढलीय, वहिनी तो फेकू देत नाही. दर पाडव्याला तिकडे दोन डबे होतात, एक अंड्याचा आणि एक पिठल्याचा, आणि घरातले सगळे त्याला 'कीस' म्हणतात. भाची आता मोठी झाली, शिकायला नगरला खोली घेऊन राहते. गेल्या पाडव्याला गावी गेली होती. सकाळीच तिचा फोन आला.

"आत्या, मोहोर घालू का गं वर?"

"घाल," म्हटलं, "पण थोडा. फार कडू होतं."

"मग बेताने घालते," ती म्हणाली. पाठीमागून चंद्रीचं हंबरणं ऐकू येत होतं.